मिस हेच नाव

प्रुफाच्या लांबलचक कागदावर, गोष्टीच्या शीर्षकाखाली ठसठशीत अक्षरांत छापलं होतं : मिसी पेटीफोर्ड. तिने ते वाचलं, मग खालच्या दोन-चार ओळी वाचल्या, त्या तिच्याच होत्या, आणि पुन्हा वर येऊन नाव वाचलं. एका वेलांटीचा फरक. संपादक हॅलवर्सन टेबलापलीकडे बाह्या सरसावून, पाइप तोंडात धरून, कौतुकाने तिच्याकडे बघत होता. पहिलं प्रूफ हातात पडलेल्या माणसाचा चेहरा कसा फुलतो ते बघायची त्याला आवड असावी. "कसं वाटतंय?" त्याने विचारलं. "नाव चुकलंय," ती म्हणाली. "चुकलं नाही गं, मी दुरुस्त केलंय. तुझ्या कागदावर नुसतंच मिस पेटीफोर्ड होतं, स्वतःचं नाव लिहायची विसरलीस. मग आठवलं, फोनवर तू म्हणाली होतीस, मी मिस बोलतेय. तेव्हा मला नीट ऐकू आलं नव्हतं. मिसी! गोड नाव आहे." "मिसी नाही. मिस. मिस हेच माझं नाव आहे." तो हसला, ती हसत नाही हे बघून थांबला, आणि मग समजूत घालायच्या सुरात बोलू लागला. या मासिकात मिस्टर नाही, मिस नाही, मिसेस नाही. इथे सगळे सारखे. त्यासाठीच तर त्याने नोकरी सोडून, सासऱ्याशी भांडण काढून हे मासिक सुरू केलं होतं. "नुसतं मिस पेटीफोर्ड छापलं तर लोकांना वाटेल विणकामाचं सदर आहे," तो म्हणाला. "चार वाजता छापखान्याचा माणूस येतो. तोवर ठरव. मिसी नको तर मेरी घाल, मार्था घाल, तुझ्या आवडीचं काहीही घाल. गोष्ट फार चांगली आहे मिसी, एवढ्याशा गोष्टीसाठी अडवू नकोस."

एवढीशी गोष्ट. ती प्रुफाची गुंडाळी काखेत मारून जिना उतरली तेव्हा हे दोन शब्द तिच्या कानात माशीसारखे घोंगावत होते. सरोवराकडून येणारा शिकागोचा वारा कोटाच्या आत शिरत होता, एप्रिल लागला तरी त्याची खोड गेली नव्हती. हॅलवर्सन वाईट माणूस नव्हता, हेच तिला डाचत होतं. वाईट माणसाशी काय करायचं हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. पाठ ताठ ठेवायची, आवाज खाली ठेवायचा आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण जो हाताला धरून खुर्चीत बसवतो, कॉफी पुढे करतो, तिने बापावर लिहिलेल्या गोष्टीवर डोळे ओले करतो आणि त्याच हाताने नावाला शेपूट चिकटवतो, त्याचं काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि शेपूट तरी कसलं! मिसी म्हणजे गुलामीच्या काळातल्या मालकाची लाडाची धाकटी लेक. आजीच्या आईने जिचे पाय धुतले, जिच्या माश्या वारल्या, जिने कान पिळला तर वर तोंड करून बघायचं नाही, ती मिसी. त्या घराण्यातल्या मेलेल्या पोरीचं नाव हा बाबा हिच्या गळ्यात घालत होता आणि वर गोड आहे म्हणत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि वाऱ्यात उभं राहून रडू येईल या भीतीने ती समोरच्या खाणावळीत शिरली.

कोपऱ्यातल्या टेबलाशी ती बसते न बसते तोच मागून कुणीतरी बोटं वाजवली, "मिस!" आणि ती वळली. दर वेळी वळायची. पाठीमागचा जाडा माणूस तिच्याकडे नाही, कॉफीचं भांडं घेऊन चाललेल्या वाढपिणीकडे बघत होता. या शहरात आल्यापासून हे चाललं होतं. दुकानात, बसच्या थांब्यावर, ग्रंथालयात, कुणी ना कुणी कुणाला तरी मिस म्हणून हाक मारायचं आणि ही नाव पुकारल्यासारखी मान वळवायची. सुरुवातीला गंमत वाटली होती. एवढं मोठं शहर आणि येता-जाता आपल्या नावाने हाका. आईला तिने तसं कळवलंही होतं, इथे सगळे मला ओळखतात म्हणून. आईला ते वाचून हसू आलं नसेल. आईला नावावरचा विनोद कधीच चालत नसे. तो बापाचा प्रांत होता.

ती जन्मायच्या आधीच्या हिवाळ्यात, अलाबामातल्या टॅलो क्रीक गावी, तिची आई टपाल घ्यायला गेली होती. काळ्यांच्या शाळेवरची शिक्षिका, गावात प्रमाणपत्र मिळवलेली पहिली काळी बाई. पाकिटावर तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सुरेख अक्षरात लिहिलं होतं, मिसेस ओडेसा पेटीफोर्ड. खिडकीमागच्या गोऱ्या कारकुनाने पाकीट वाचलं, कानामागची पेन्सिल काढली, मिसेस या शब्दावर सावकाश आडवी रेघ मारली आणि मग पाकीट पुढे केलं. "हं डेसा, तुझं टपाल." रागावून नाही. टपालावर शिक्का मारावा इतक्या सहज. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, त्यामुळे कुणाला अरेतुरे करायचं तर क्रियापद कामाला येत नाही, सगळा अपमान नावावरच उतरवावा लागतो. गोरी बाई असली तर ती उकिरड्यावर राहणारी का असेना, तिला मिस, मिसेस, मॅडम. काळी असली तर ती चार बुकं शिकलेली असो, पांढऱ्या केसांची असो, तिला नुसतं डेसा, नाहीतर म्हाताऱ्या झालेल्यांना आँटी. आई रस्त्याने चालत घरी आली, पाकीट न फोडता टेबलावर ठेवलं, आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "नावाआधी लावलं तर खोडतात. मुलगी झाली तर नावातच ठेवते. नाव कसं खोडतील?"

आजीने कपाळाला हात लावला होता म्हणे. "मिस हे काय नाव झालं? बायबलात कुठे मिस आहे?" "बायबलात पेटीफोर्डही नाही सासूबाई," आई म्हणाली. "ते तर तुमच्या घराण्याला ज्याने विकत घेतलं त्याचं नाव. आडनाव त्याचं आहे तर असू दे, पहिलं नाव मी माझं ठेवते." पुढे तीच आजी चर्चमध्ये सगळ्यांना ठणकावून सांगायची, माझ्या नातीला मिस म्हणा, नाहीतर हाक मारू नका. बाप गवंडी होता. त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी हसण्यासारखं दिसे. "आणि उद्या हिचं लग्न झालं की? मिसेस मिस?" तो विचारायचा. पण रोज संध्याकाळी चुन्याने माखलेला तो दारात आला की डोक्यावरची टोपी काढून लेकीसमोर कमरेत वाकायचा, "मिस, आत येण्याची परवानगी आहे का?" आणि ती खुर्चीवर चढून, आजीच्या शालीचा पदर सावरत, या म्हणायची. तिच्या आयुष्यात त्या नावाची गोडी काय ती त्या दारातली. गावभर फिरून आलेल्या त्या माणसाला दिवसभर कुणी नुसतं ए म्हटलेलं असायचं, हे तिला फार पुढे कळलं.

कॉफी आली. तिने दोन्ही हात पेल्याभोवती धरले. आईचा डाव फसला होता, हे ती कुणाला सांगणार? आईला वाटलं होतं, नाव मिस ठेवलं की गोऱ्यांना ते म्हणावंच लागेल. झालं भलतंच. गोऱ्यांनी तिला हाकच मारली नाही. ती सात-आठ वर्षांची असताना आईने मुद्दाम तिला एकटीला दुकानात पाठवलं, साखर आणायला. "नाव काय गं तुझं पोरी?" "मिस, सर." "हो हो, कळलं. नाव काय?" "मिस पेटीफोर्ड, सर." दुकानदार हसता हसता थांबला. त्याच्या लक्षात आलं. ते लक्षात येताना त्याच्या मानेपासून वर चढलेला तांबडा रंग तिला अजून दिसतो. त्याने साखर तोलली, पुडी फळीवर आपटली, आणि त्या दिवसापासून ती त्या गावच्या गोऱ्यांसाठी ए पोरी झाली, पेटीफोर्डची ती झाली, शीळ झाली, मान हलवणं झाली. आईने दारात उभं राहून विचारलं, "म्हणाला?" तिने मान हलवली, नाही. "मग काय म्हणाला?" "काहीच नाही." आईने साखरेची पुडी तिच्या हातातून घेतली. मग म्हणाली, "असू दे. निदान तोंड तर बंद झालं." सगळ्या बालपणात गोऱ्या माणसाच्या तोंडून तिने स्वतःचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं, आणि तिची आई याला विजय म्हणत होती.

मागचा जाडा माणूस आता आपल्या सोबत्याला मोठमोठ्याने घोड्यांच्या शर्यतीबद्दल सांगत होता. तिने प्रुफाची गुंडाळी उघडून टेबलावर पसरली, कोपऱ्यावर साखरदाणी ठेवली. गोष्ट बापावर होती. न्यायालयाच्या पायऱ्या ज्याने बांधल्या आणि ज्याला मागच्या दाराने आत जावं लागलं तो बाप. ती वाचायला लागली आणि वाचता वाचता तिला आईचा शाळेतला आवाज ऐकू यायला लागला, कारण वाचणं म्हणजे मुळात तोच आवाज. शेंगांच्या टरफलांनी आकडे शिकवणारा, गोऱ्यांच्या शाळेतून आलेल्या फाटक्या, पानं नसलेल्या पुस्तकांतल्या हरवलेल्या पानांवर काय असेल ते मुलांकडून तयार करून घेणारा. गोष्ट लिहायला ती तिथेच शिकली. पुस्तकाचं शेवटचं पान कधीच जागेवर नसायचं, आणि आई म्हणायची, "हं मिस, उठ, पुढे काय झालं ते सांग." वर्गात ती आईची मुलगी नव्हती. वर्गात आईही आई नव्हती, मिसेस पेटीफोर्ड होती, आणि ज्या पोराने चुकून डेसाबाई म्हटलं त्याला तो शब्द फळ्यावर पूर्ण, नीट, काना-मात्रा सांभाळून लिहावा लागे, मि-से-स.

शाळाखात्याचा गोरा अधिकारी आला होता तो दिवस. वर्ग धुऊन पुसून ठेवला होता, मुलांच्या मानेला साबणाचा वास येत होता. तिने कविता म्हटली, नद्या म्हटल्या, राज्यांच्या राजधान्या म्हटल्या. साहेब खूश झाला. "हुशार आहे. नाव काय हिचं?" तिने आईकडे पाहिलं, आईने डोळ्यांनी हो म्हटलं. "मिस पेटीफोर्ड, सर." खिडकीबाहेर कुणाचीतरी कोंबडी आरडत होती. साहेब तिच्याकडे नाही, आईकडे वळला. "डेसा, हे काय शिकवतेस तू पोरांना?" "हे शिकवलेलं नाही सर," आई म्हणाली, "ठेवलेलं आहे." तो फार हळू आवाजात बोलला. पुढच्या खेपेला येईन तेव्हा पटावर या पोरीचं दुसरं नाव दिसलं पाहिजे, नाहीतर शाळेवर दुसरी बाई दिसेल. त्या रात्री स्वयंपाकघरात आईबापाचं बोलणं चाललं होतं आणि ती पलंगावर डोळे मिटून पडली होती. बाप त्या रात्री हसत नव्हता. "लिही ना मेरी. कागदावर मेरी, घरात मिस. कुणाच्या बापाचं काय जातं?" आणि आई म्हणाली, "कागदावर लिहायलाच तर शिकवते मी. तिथेच खोटं लिहू?" पटावर नाव तेच राहिलं. शाळेवर दुसरी बाई आली.

मग चर्चच्या तळघरातली शाळा. लोक फी म्हणून रताळी आणून देत, कधी मक्याचं पीठ, कधी डुकराच्या मांसाचा तुकडा, आणि ज्याच्याकडे काहीच नसे तो येऊन चर्चचं छप्पर शाकारून देई. वर्षानुवर्षं रताळी. रताळ्याची भाकरी, रताळ्याचं सारण, राखेत भाजलेली रताळी. आजही तो वास आला की तिला मळमळतं. बुटाच्या तळाला पुठ्ठा घालून जायची ती, आणि पावसात पुठ्ठा विरघळून बोटांना चिकटायचा. चौदाव्या वर्षी ती आईवर ओरडली होती. आई तिचे केस विंचरत होती, डोक्यावर भांग पाडत होती, आणि ती म्हणाली, "तुझ्या एका नावासाठी सगळ्या घराने रताळी खायची? मला विचारलं होतंस? त्यापेक्षा मला मेरी म्हण, मोली म्हण, वाटेल ते म्हण, पण बूट घे." आईने वेणी त्या दिवशी जरा जास्तच घट्ट घातली. संध्याकाळपर्यंत कपाळाची कातडी ताणलेली राहिली.

तिला आईचा राग येत होता, खरंच येत होता, आणि तो राग आज या खाणावळीत बसूनही पुरता गेलेला नव्हता. पण त्यापेक्षा जास्त राग तिला कॉलेजातल्या मुलींवर येतो. ते काळ्यांचंच कॉलेज, काळे प्राध्यापक, काळी पोरं, भिंतींवर काळ्या बिशपांच्या तसबिरी, आणि पहिल्याच दिवशी हजेरीला हशा. मिस मिस पेटीफोर्ड. वसतिगृहात तिला डबल मिस म्हणायचे. मुलींच्या प्रमुख, मिस युफेमिया क्रँडल, सोन्याच्या काडीचा चष्मा नाकावर सरळ करत म्हणाल्या होत्या, "पोरी, तुझ्या आईचा हेतू चांगला असेल. पण ही असली गावंढळ नावं आपल्या समाजाला मागे ओढतात. गोरे लोक हसतात आपल्याला. मेलिसा कर, कुणाला कळायचंही नाही." आपल्या समाजाला! ज्या बाईला गावातले गोरे हसायचे धाडस करू शकले नाहीत, नुसते मुके झाले, तिला हसायचं काम या शिकलेल्यांनी अंगावर घेतलं होतं. गोऱ्यांनी नाव गिळलं आणि आपल्यांनी त्याला नावं ठेवली. तिने मेलिसा केलं नाही. पण ताठ उभीही राहिली नाही, हेही खरं. चार वर्षं एम. पेटीफोर्ड म्हणून काढली. आई पदवीदानाला आली तेव्हा मंचावरून एम. पेटीफोर्ड पुकारलं गेलं, आणि आई टाळ्या वाजवायला अंमळ उशीर लावून उठली. तिला वाटलं असणार, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीचं नाव आहे.

प्रुफाच्या मागच्या बाजूला अंकाची अनुक्रमणिका छापलेली होती. ती उगाच वाचू लागली. कविता, लेख, कामगारांच्या वस्तीतली पत्रं. आणि वरून तिसरं नाव, प्रोफेसर डॉक्टर एमिल राइनहार्ट. तिने ते पुन्हा वाचलं. मिस्टर नाही, मिस नाही, सगळे सारखे. प्रोफेसराचं प्रोफेसरपण मात्र कुणी कापलं नव्हतं, डॉक्टरपणही नाही, दोन्ही बिरुदं बापड्याच्या डोक्यावर टोपीवर टोपी घातल्यासारखी बसली होती. मघापासून अंगात भटकणारा संताप आता एका जागी येऊन बसला. तिला बरं वाटलं. तिने कॉफीचे पैसे ठेवले आणि उठली. उठताना मात्र तिच्या पायांना दुसरीच गोष्ट आठवली. टॅलो क्रीकच्या त्या तळघरात आईने पोरांना सांगून ठेवलं होतं की मे महिन्यात शिकागोहून मासिक येणार आहे, त्यात आपल्या मिसची गोष्ट आहे, आणि ती आपण मोठ्याने वाचणार आहोत. लिहायला लागल्यापासून किती ठिकाणांहून नकार आले होते. हे दार पहिल्यांदाच उघडलं होतं आणि आपण होऊन ते लावून घ्यायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. छापून तरी येऊ दे, तिचं एक मन म्हणत होतं, एक वेलांटी, पोरं हसतील आणि विसरतील. जिना चढताना हे मन पायरीपायरीवर तिच्या पुढे पळत होतं.

"ठरलं का मिसी?" हॅलवर्सन म्हणाला. छापखान्याचा माणूस अजून आलेला नव्हता. तिने अनुक्रमणिका त्याच्यासमोर ठेवली आणि राइनहार्टच्या नावाखाली बोट टेकवलं. हॅलवर्सनने बघितलं. "ते वेगळं," तो म्हणाला. "त्याने ती पदवी कमावलीय." "माझंही कमावलेलंच आहे," ती म्हणाली. "तू?" "आईने. शाळा देऊन." त्याला कळलं नाही, आणि समजावून सांगायची तिला अचानक किळस आली. बापावरच्या गोष्टीत रडला होता, आता आईवरही रडेल, आणि रडून झालं की मिसी म्हणेल. "बरं, तुझं नाही माझं नाही," तो म्हणाला, "एम. पेटीफोर्ड घालू?" "एम म्हणजे काय, असं लोक विचारतील तेव्हा तुम्ही काय सांगाल?" मिसी, हेच तो सांगेल, हे दोघांनाही माहीत होतं. मग त्याचा चेहरा उजळला. "तू आईला विचार ना. आत्ताच. माझ्या खर्चाने. आई म्हणते तसं करू. आईला मुलीचं भलं कळतं." आणि ती नको म्हणायच्या आत त्याने फोन उचलून जोडणीच्या बाईला टॅलो क्रीक, अलाबामा सांगून रिसीव्हर तिच्या हातात दिलाही होता.

आईच्या शाळेच्या तळघरासमोरच ब्राइट नावाच्या गृहस्थाचं दुकान होतं, शवपेट्या करायचं. काळ्यांच्या बाजूला फोन तेवढा तिथे. बराच वेळ तारेतून समुद्रासारखा आवाज येत राहिला, मग टॅलो क्रीकच्या जोडणीच्या बाईचा सानुनासिक, गोरा, ओळखीचा आवाज खोलीभर ऐकू येईल इतका स्पष्ट आला. "कोण हवंय?" "ब्राइट यांच्याकडे. मिसेस पेटीफोर्ड." "डेसा होय? आणि तू कोण?" "मिस पेटीफोर्ड." "पहिलं नाव सांग पोरी." "मिस." "नाव सांग म्हटलं. नाहीतर फोन जोडायची नाही." इतक्या वर्षांनी, इतक्या मैलांवर, कोटाला बटणं असलेली, पदवी घेतलेली ती पुन्हा फळीसमोर साखरेसाठी उभी होती. तेवढ्यात हॅलवर्सनने तिच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. त्याचे कान लाल झाले होते. "मी हॅलवर्सन बोलतोय, शिकागोहून, संपादक. ऐका बाई. या बाईंचं नाव मिस पेटीफोर्ड आहे. मिस पेटीफोर्ड. तेच सांगायचं आणि सभ्यपणे सांगायचं." "होय सर, मिस्टर हॅलवर्सन, सर," तो आवाज मधात बुडून आला, आणि लगेच पलीकडे वळून, तितकाच स्पष्ट, ब्राइटला म्हणाला, "ए, डेसाला बोलाव रे, तिची पोर आहे शिकागोची." हॅलवर्सनने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने रिसीव्हर तिला परत दिला. तो भरून पावला होता, छाती वरखाली होत होती. "बघितलंस ना मिसी? या लोकांना असंच सरळ करावं लागतं," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. थट्टेचा मागमूस नव्हता त्या चेहऱ्यावर. आपण काय म्हणालो हे त्याला ऐकूच गेलं नव्हतं. तो टपालातला कारकून रेघ मारताना रागावलेला नव्हता, आणि हाही रागावलेला नव्हता. तिला वाटलं, आपण ओरडावं, ते कागद भिरकवावेत, त्याच्या त्या सारखेपणावर कॉफी ओतावी. तिने काहीच केलं नाही. टेबलाची कड धरून ती उभी राहिली, आणि तारेपलीकडे कुणीतरी पोर रस्ता ओलांडून धावत गेलं, दारं वाजली, आणि मग पायऱ्या चढून आल्यामुळे किंचित दमलेला, पण प्रत्येक अक्षर सुटं करून बोलणारा आवाज आला. "हॅलो. मिसेस पेटीफोर्ड बोलतेय." "आई, मी." "काय झालं? बरी आहेस ना?" हॅलवर्सन खुणा करत होता, मला दे, मी समजावतो. त्याने हलकेच रिसीव्हर तिच्याकडून घेतला, तळव्याने तोंड झाकलं, आणि पुढे झुकून, अगदी आपुलकीने, कुजबुजत विचारलं, "आईचं पहिलं नाव काय?"

तिने त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "आई, गोष्ट येणार नाही छापून," ती म्हणाली. "का गं?" मागे पोरांचा गलबला ऐकू येत होता, दारात सगळी गोळा झाली असणार. "मी सगळ्यांना सांगून बसलेय. पाळकसाहेबांनाही सांगितलंय." "माहीत आहे. नाव चुकीचं छापलंय त्यांनी, आणि ते बदलत नाहीत." "फार चुकलंय?" आईने विचारलं. "नाही. थोडंसंच." "थोडंसंच असतं गं नेहमी," आई म्हणाली. "तू तुझी गोष्ट घेऊन निघ तिथून. आणि आधी काहीतरी खाऊन घे." फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण रडत नाही आहोत. तिने टेबलापलीकडे हात पुढे केला, आपल्या टंकलेल्या कागदांसाठी. "अगं पण छापखान्याचा माणूस येईल आता," हॅलवर्सन म्हणाला, "पानं रिकामी राहतील माझी." तो कागदांच्या ढिगाऱ्याकडे बघत राहिला, उचलेना. तिने हात तसाच पुढे धरून ठेवला.